झोळीतून आलेली तक्रार

ताईला कुणी विचारलं, "काय ताई, कशा आहात?" तर ती म्हणायची, "काल जरा खोकला होता, पण रात्री दोनदाच कूस बदलावी लागली, आणि सकाळी पोट साफ झालं." विचारणारा नवखा असला तर तोंडाकडे बघत राहायचा. ओळखीच्यांना मात्र ठाऊक होतं, की खोकला ताईचा नव्हे, कूस ताईची नव्हे आणि पोटही ताईचं नव्हे. ते सगळं तिच्या धाकट्या भावाचं. स्वतःचं असं काही असतं हे ताईच्या ध्यानातूनच गेलं होतं. एखादी छत्री दुकानात विसरून यावी आणि पुढे चार महिने ऊनच पडावं, तसं.

धाकटा एकोणचाळीस वर्षांचा. शाळेत होता तेव्हाच त्याच्या पायांनी कुरकुर सुरू केली. आधी जिना चढवेना, मग खाली बसला की उठवेना, मग उभंच राहवेना. डॉक्टरांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफी असं भलंमोठं नाव सांगितलं. स्नायू हळूहळू दमत जातात आणि दमले की पुन्हा ताजे म्हणून होत नाहीत, असा तो आजार. त्यांच्या आईच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून ती त्याला 'पाहुणा' म्हणायची. "आला तो जाईचना, आणि रोज एकेक खोली बळकावतोय मेला." पुढे आई गेली. जाताना घराच्या किल्ल्या, काजं-बटणं करायची सुई आणि धाकटा, एवढं ताईच्या ओटीत टाकून गेली. ताई तेव्हा तेहेतीसची होती, आता बावन्नची झाली.

लग्नाचं कुणी काढलं तर ती म्हणायची, "एकाला उचलतेय तेवढं पुरे. दुसरा आपल्या पायांनी उठेल याची काय खात्री?"

शिंप्याच्या दुकानातून सकाळी शर्टांचा गठ्ठा यायचा, आणि ताई खिडकीशी बसून काजं-बटणं करायची. धाकट्याचं काम त्याहून नामी. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी तो घरबसल्या फोनवर घ्यायचा. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतल्या बटणावरून फोन लागायचा तो थेट धाकट्याच्या कानात. चाकाच्या खुर्चीला पुढे फळी, फळीवर फोन, आणि उजव्या हाताचा अंगठा. पाहुण्याने बाकीच्या सगळ्या खोल्या घेतल्या, पण हा अंगठा आणि आवाज तेवढा सोडला होता. आवाज तर असा, की अडकलेल्या माणसाला वाटावं, आपण लिफ्टमध्ये नसून पाळण्यात आहोत. "नमस्कार. आपण सुरक्षित आहात. घाबरू नका. आमचा माणूस निघालेला आहे, आणि तोवर मी आपल्याशी बोलत राहणार आहे." नऊ वर्षं ऐकून ऐकून ताईला ते पाठ झालं होतं.

"परक्यांशी किती गोड बोलतोस रे," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "माझ्यावर मात्र सदा खेकसतोस."

"तू कधी अडकत नाहीस ना," धाकटा म्हणायचा.

आता ताईचं उचलणं. ते बघण्यासारखं होतं. त्याच्या पायांपुढे आपले पाय रोवायचे, त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरायचे, त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी पकडायचा, त्याची हनुवटी आपल्या डाव्या खांद्यावर घ्यायची, आणि "एक, दोन, चल रे गाड्या!" की तो उभा. मग अर्धी गिरकी, आणि खाटेवरून खुर्चीत. दिवसातून सहा वेळा. उभं राहिल्यापासून टेकेपर्यंत जी चार पळं मिळायची, तेवढ्यात ताई त्याच्या कानात एक बातमी सांगायची. "खालच्या पार्लरवालीने सासूचे केस कापले. सासू आरशाशी बोलते, सुनेशी बोलत नाही." धाकटा हसायला लागला की ती दटावायची, "हसू नकोस, हसलास की वजन वाढतं तुझं." सहा वेळा उचलायचं म्हणजे सहा बातम्या हव्यात. कमी पडल्या तर ताई एखादी स्वतः रचायची.

ही सवय तिच्या अंगात इतकी भिनली होती, की एकदा दवाखान्यात बाकावरून उठू पाहणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांना तिने काखेत धरून उभं केलं आणि अर्धी गिरकी देऊन समोरच्या बाकावर बसवलंसुद्धा. ते बिचारे घरी जायला उठले होते.

दर महिन्याला दवाखान्यातून व्यायामवाल्या बाई यायच्या. धाकट्याचे सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवून द्यायच्या, काही कागद भरायच्या. शिस्तीच्या बाई. चार म्हणजे चार, पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. एकदा त्यांनी वेगळाच कागद काढला.

"ताई, हा कागद सांभाळ करणाऱ्या बायकांसाठी आहे. तुमच्या मनाची तब्येत कशी आहे ते यात लिहायचंय. झोप कशी लागते?"

"बरी लागते. उजव्या कुशीवर जास्त."

"भूक?"

"भात मऊ असला की चांगली."

बाई लिहीत गेल्या. "गेल्या महिन्यात कधी रडावंसं वाटलं?"

ताईने मान वळवली आणि बाहेरच्या खोलीकडे हाक टाकली, "अरे ए! गेल्या महिन्यात रडावंसं वाटलं होतं का तुला?"

"सामना हरलो तेव्हा!" बाहेरून उत्तर आलं.

"लिहा, एकदा," ताई म्हणाली.

बाईंनी कागदाकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि लिहिलेलं सगळं आडव्या रेघेने खोडून टाकलं.

त्यानंतर महिन्याभरातच ते झालं. "एक, दोन, चल रे गाड्या" म्हणताना ताईच्या कमरेतून असा आवाज आला, की धाकट्याला वाटलं खुर्चीचं काहीतरी मोडलं. ताईने त्याला टेकवलं, पण आपण मात्र कोयत्यासारखी वाकली ती वाकलीच. डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "आणखी तीन महिने असं उचललंत, तर शेजारी दुसरी खाट घालायची तयारी ठेवा. मग तुम्हा दोघांना उचलणार कोण?"

म्हणून ते मशीन आलं. उंच खांब, पुढे झुकलेली मान, मानेला लटकणारी कापडी झोळी, खाली चार चाकं, आणि वेटोळ्या वायरीच्या टोकाला एक डबी. डबीवर दोन बटणं, एक वर, एक खाली. माणसाला झोळीत बसवायचं आणि बटण दाबायचं, की मशीन घुर्र करत उचलून घेतं. बाईंनी बजावलं, "हे महिनाभर उसनं आहे. खाली काचेच्या बारक्या खिडकीत आकडा पडतो, किती वेळा उचललं त्याचा. मी पुढच्या महिन्यात याच दिवशी चार वाजता येऊन बघणार. वापरात असलं तर राहील. नसलं तर रांगेत दुसरं घर आहे."

धाकट्याला मशीन पाहताक्षणीच आवडलं. पहिल्यांदा वर गेला तेव्हा म्हणाला, "विमानात बसल्यासारखं वाटतंय. पाणी-बिणी देणार का कुणी?" बाई हसल्या. ताईने तोंड भिंतीकडे केलं. मग मशीन त्याला खुर्चीकडे नेऊ लागलं, तशी सवयीने ती त्याच्या कानाशी बातमी सांगायला गेली. पण कान कुठे होता? पार वर, पंख्याजवळ. खाली फक्त लोंबणारे पाय. पायांना काय बातमी सांगणार?

त्या दिवसापासून मशीनचं नाव पडलं 'टवळी'.

"माझा भाऊ काय सिमेंटची गोण आहे?" पार्लरवालीपुढे ताईने मन मोकळं केलं. "ही टवळी त्याला लटकवते आणि मी बाजूला उभी, कुणाच्यातरी घरी पाहुणी आल्यासारखी."

"अहो, कंबर वाचतेय ना तुमची," पार्लरवाली म्हणाली. ही खालच्या मजल्यावरची. ताईच्या घराची जास्तीची किल्ली तिच्याकडे असे.

"कमरेला काय धाड भरलीय?" ताई म्हणाली, आणि खुर्चीवरून उठताना तिला टेबल, भिंत आणि पार्लरवाली अशा तिघांचा आधार घ्यावा लागला.

धाकट्याने ते पाहिलं. संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, एक सांगून ठेवतो. एका संस्थेचा अर्ज मी मागवून ठेवलाय. माझ्यासारख्यांना ठेवून घेऊन सांभाळतात तिथला. फळीखालच्या खणात आहे. मशीन परत गेलं, तर मी त्याच्यावर अंगठा उठवणार. तेवढ्यापुरता अंगठा चालतो माझा."

ताईच्या हातातलं बटण घरंगळत खाटेखाली गेलं. ते तिने शोधलंही नाही.

तेव्हापासून ताई कात्रीत सापडली. मशीन गेलं तर धाकटा जाणार. मशीन वापरलं तर धाकटा घरातच राहणार, पण टवळीच्या गळ्यात. यावर तिने जो मार्ग काढला तो फक्त तिलाच सुचू जाणे. सकाळचं पहिलं उचलणं मशीनवर होऊ लागलं, धाकट्याच्या समाधानासाठी. बाकी पाच वेळा "आज घाई आहे" म्हणून हातांनी. आणि दुपारी तो बाहेरच्या खोलीत फोनवर असला, की ताई आतलं दार लोटून घ्यायची, शर्टांचा गठ्ठा झोळीत ठेवायची आणि वर, खाली, वर, खाली, असं पाच वेळा करायची. कधी गठ्ठा आला नसला तर उशा आणि गादी. आकडा तर वाढायला हवा!

"काय गं, कसला आवाज?" धाकटा बाहेरून विचारायचा.

"सराव करतेय!"

"शाबास," म्हणून तो खूश व्हायचा. ताईला जरा लाज वाटायची, पण ती शर्टांबरोबर वर-खाली होऊन निघून जायची.

आकडा बघायचं मात्र तिने कधी मनावर घेतलं नाही. खिडकी पार खाली, चाकांजवळ. तिथवर वाकायला कमरेने राजी असायला हवं ना!

महिना संपला तो दिवस उजाडला. बाई चारला येणार. ताईने म्हटलं, येणाऱ्या माणसाला मशीन स्वच्छ तरी दिसू दे. तीनच्या सुमाराला ती लहान स्टूल घेऊन चाकांशी बसली आणि फडकं फिरवता फिरवता तिची नजर खिडकीवर गेली. तिने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"अरे ए! इकडे ये आधी. या टवळीला मोजता येत नाही!"

धाकट्याची खुर्ची घरघरत आत आली. कानाला फोनची तार, फळीवर फोन. "किती दाखवतंय?"

"एकतीस."

"मग बरोबर आहे की. रोज सकाळचं एक, आणि पहिल्या दिवशी बाईंनी दाखवलं ते एक."

"आणि दुपारचे?"

"दुपारचा तुझा सराव?" धाकट्याची मान तेवढी वळली. "ताई, दुपारी तू कशाचा सराव करत होतीस?"

ताई चाक पुसू लागली. चाक लख्ख होतं.

"ताई."

"शर्टांचा."

"कशाचा?"

"शर्टांचा रे! आणि दोनदा गादीचा."

धाकट्याने खुर्ची मशीनच्या आणखी जवळ आणली. मग म्हणाला, "माहितीच्या पुस्तकात लिहिलंय. चाळीस किलोच्या खालचं वजन ते मोजत नाही."

"का? लोक गठ्ठे उचलतील म्हणून?"

"नाही. गठ्ठे उचलणारं माणूस जगात असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. महिनाभर तू मला हातांनी उचललंस, आणि मशीनने शर्ट?"

"शर्टांना काय, त्यांना चालतं," ताई पुटपुटली. मग फडकं टाकून एकदम म्हणाली, "ते राहू दे! बाई चारला येतील. एकतीस बघून मशीन नेतील, आणि तू त्या अर्जावर अंगठा उठवशील. आता काय करायचं ते सांग."

घड्याळात सव्वातीन झाले होते. धाकट्याने घड्याळ बघितलं, मशीन बघितलं, ताईला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुझं वजन किती?"

"बायकांना वजन विचारतात का?"

"चाळीसच्या वर आहे ना? बस झोळीत."

"मी?"

"तूच. डबी माझ्या फळीवर ठेव. वर-खाली, वर-खाली करतो. चारपर्यंत जेवढं होईल तेवढं. आणि बाईंना काय सांगायचं ते मग बघू."

झोळीचे फासे कसे अडकवायचे हे ताईइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. खाटेच्या कडेला बसून तिने झोळी पाठीमागून घेतली, मांड्यांखालून ओढली, चारही फासे आकड्यांत घातले. "हळू हं," म्हणेपर्यंत धाकट्याचा अंगठा बटणावर पडला आणि घुर्रर्र!

"अगं आई गं! खाली घे, खाली घे! अरे पाय कुठे ठेवू?"

"कुठेच ठेवायचे नाहीत. तेच तर सुख आहे त्याच्यात."

"पडेन मी!"

"मी पडलो का कधी?"

एक झालं. दोन झाले. तिसऱ्याला ताईने देवाचं नाव घेतलं, पाचव्याला धाकट्याला शिव्या दिल्या, सातव्याला झोळीच्या शिवणीत खोट काढली. दहाव्याला ती गप्प झाली. धाकट्याला वाटलं घाबरली असेल. तसं नव्हतं. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली होती आणि ती बोलायची तिला चोरी वाटत होती. कंबर दुखत नव्हती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कंबर, कुणीतरी हातातलं ओझं घ्यावं तशी, मोकळी झाली होती.

चौदाव्या वेळी ती पार वर पोहोचली आणि एकदम ओरडली, "अगं बाई! कपाटावर केवढी ही धूळ! खालून कधी दिसलीच नाही रे!"

"पुढच्या खेपेला फडकं घेऊन जा," धाकटा म्हणाला.

त्यावर ताईला हसू फुटलं. झोळी गदागदा हलायला लागली. ती हलताना बघून धाकट्यालाही हसू आवरेना, आणि हसताना त्याचा हात फळीवर सरकला. हाताच्या धक्क्याने डबी फळीच्या कडेवर गेली, जरा थबकली, आणि खाली पडली.

दोघांचंही हसू जागच्या जागी थांबलं.

ताई वर. डबी जमिनीवर. धाकट्याला वाकता येत नाही, ताईला उतरता येत नाही. वायर पकडायला तिने हात लांबवला, तशी झोळीच गोल फिरली. दुसरा हात लांबवला, उलटी फिरली.

"फिरू नकोस, चक्कर येईल. खांबाच्या मागे खाली उतरवायची लाल कळ आहे."

"कुठाय? मला तर भिंत दिसतेय. आता खिडकी. आता तू."

धाकट्याने पार्लरवालीला फोन लावला. फोन वाजत राहिला. खाली केस वाळवायच्या मशीनचा आवाज जिन्यातून येत होता. त्या आवाजात पार्लरवालीला ढगफुटी ऐकू आली नसती. त्याने निरोप ठेवला, "काकू, जरा किल्ली घेऊन वर या. ताई अडकलीय." बाहेरचं दार आतून लागलेलं. चारला बाई येतील, बेल वाजवतील, आणि दार उघडायला कोण जाणार?

"आता रे?" ताई म्हणाली. ती भिंतीकडे तोंड करून स्थिर झाली होती. नुसती पाठ आणि अंबाडा दिसत होता.

धाकट्याने घसा साफ केला. मग त्याचा आवाज आला, पण भाऊ म्हणून नव्हे. तो आवाज, पाळण्यातला.

"नमस्कार. लिफ्ट तक्रार केंद्र. आपण सुरक्षित आहात. घाबरू नका."

"मेल्या, थट्टा सुचतेय तुला?"

"आमचा माणूस निघालेला आहे, आणि तोवर मी आपल्याशी बोलत राहणार आहे. आत एकूण किती माणसं आहेत?"

"दोन," ताई वैतागून म्हणाली.

"आत, बाई. झोळीत."

ताईने झोळीत बघितलं. "एक."

"कोण?"

"मी."

"नोंदवलं. श्वास घ्यायला काही त्रास?"

"थंडीत होतो मध्ये मध्ये, पाठीला उशी लावली की..."

"झोळीतल्या माणसाबद्दल विचारतोय."

"हो का? मग नाही."

"कुठे दुखतंय?"

उत्तर कुठे ठेवलंय तेच तिला आठवेना, जुन्या पेटीत हात घालून चाचपडावं तसं तिचं चाललं होतं. मग एकेक निघू लागलं. "कंबर. आत्ता नाही, एरवी. उजवा खांदा. हे बोट, सुईमुळे. आणि दात."

"दात?"

"मागचा. गार पाणी लागलं की कळ जाते डोक्यात. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" आवाज मध्येच भावाचा झाला. "बोलली नाहीस ती?"

"तुझा आजार केवढा, माझा दात केवढा! आणि तुम्ही तक्रार केंद्रवाले ना? मग ओरडता काय?"

"माफ करा. किती वेळापासून अडकला आहात?"

"काय माहीत. घड्याळ पाठीमागे आहे, दिसत नाही."

"शेवटचा प्रश्न. आपल्याला कशाची भीती वाटतेय का?"

भिंतीकडे तोंड होतं म्हणून असेल, पण ताई बोलली. "ही टवळी तुला उचलायला लागली, तर मी कशाला लागेन?"

"जरा मोठ्याने. आवाज तुटतोय."

"मी कशाला लागेन तुला, म्हणतेय! ऐकू आलं?"

खाली केस वाळवायचं मशीन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. धाकटा बोलला तेव्हा पाळण्यातला आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"ताई, तू मला उचलतेस तेव्हा तुझी कंबर वाजते. तुझं तोंड माझ्या कानाशी असतं, आणि तुझी कंबरही मला ऐकू येते. तू पार्लरवालीच्या सासूचं सांगतेस, मी हसतो, आणि आतल्या आत मोजत असतो, आज कितीदा वाजली. महिनाभर तुझी एक बातमी माझ्या डोक्यात शिरलेली नाही."

"मग हसत कशाला होतास?"

"तू रागावशील म्हणून."

ताईने पदराने नाक पुसलं. झोळी थोडी हलली.

"आणि बातम्या?" तिने विचारलं. "त्या टवळीपुढे सांगायच्या?"

"खुर्चीत टेकवल्यावर सांग. कान तिथेच असतो माझा. पळून जायला पाय आहेत का मला?"

ताई खुदकन हसली. मग म्हणाली, "अजून किती वेळ रे?"

"आमचा माणूस वाटेत आहे."

"घाई करू नको म्हणावं," ताई म्हणाली, आणि थोड्याच वेळात झोळीतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. आपण घोरत नाही असं ती एकोणीस वर्षं सांगत आली होती.

तेवढ्यात खरंच एक फोन आला. कुठल्याशा इमारतीत, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, एक साहेब अडकले होते आणि तावातावाने ओरडत होते. "साहेब, आपण सुरक्षित आहात," धाकटा कुजबुजला, "पण जरा हळू बोला. इथे एक जण झोपलंय." साहेब इतके गोंधळले, की तेही कुजबुजायला लागले, आणि सुटका होईपर्यंत कुजबुजतच बोलले.

चारला बेल वाजली. पाठोपाठ जिन्यात पार्लरवालीचा आवाज आला, "आले, आले, निरोप आत्ता ऐकला!" किल्ली फिरली. एका हातात रंगाचा ब्रश घेऊन ती आत धावली आणि दारातच किंचाळली, "अगं बाई! ताईला टांगली!"

"श्श!" धाकटा म्हणाला.

मागून व्यायामवाल्या बाई आल्या. त्यांनी आधी झोळीतली ताई बघितली, मग जमिनीवरची डबी, मग गुडघे टेकून खिडकी. "पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. "महिन्याचे निदान शंभर तरी हवे होते."

"एकतीस माझे आहेत," धाकट्याने सांगून टाकलं. "चौदा तिचे. आणि शे-दीडशे शर्टांचे, पण ते यात धरलेले नाहीत."

शर्टांची हकीगत ऐकताना पार्लरवाली भिंतीला टेकली आणि ब्रशचा रंग भिंतीला लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डबी उचलली आणि खालचं बटण दाबलं. ताई हळूहळू खाटेवर उतरली, तसा तिने डोळा उघडला.

"ताई, कशा आहात?" बाईंनी विचारलं.

"दात दुखतोय," ताई झोपेतच म्हणाली.

बाईंचा हात डबीवरच थांबला. "कुणाचा?"

"म्हणजे काय? माझा!"

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. तोच, सांभाळ करणाऱ्या बायकांचा, आडव्या रेघा मारलेला. रेघांच्या खाली जागा होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'मागचा दात', आणि तारीख घातली. मग मशीनचा कागद घेतला. "आणखी एक महिना ठेवते. पण आता शून्यापासून नवा आकडा, आणि तो माणसांचा हवा, कपड्यांचा नको. आणि दाताच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात. तेवढा वेळ यांच्याजवळ कोण बसेल?"

"मी बसते की," पार्लरवाली म्हणाली. "मशीन चालवायला तेवढं शिकवा मला."

ताईने तोंड उघडलं. "तुला नाही जमायचं ते" हे शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण दातातून कळ आली आणि शब्द आत गेले.

सगळे गेल्यावर ताईने फळीखालच्या खणातून अर्ज काढला आणि धाकट्यापुढे धरला. "याचं काय?"

"तू फाड. मला कुठे फाडायचं बळ आहे?"

ताईने कागद उलटसुलट बघितला. "मागून कोरा आहे, फाडायचा कशाला?" दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे उरलेली बटणं परत गेली ती त्याच कागदाच्या पुड्यांतून. एका पुडीवर 'अर्जदाराचे पूर्ण नाव' असं छापलेलं होतं. शिंप्याने ते वाचून पुडी उघडली, तर आत बारा पांढरी बटणं.

दात निघाला. दाताच्या डॉक्टरांची खुर्ची घुर्र करत वर गेली, तशी ताई तिच्यातच झोपून गेली आणि डॉक्टरांना दोनदा हाक मारावी लागली.

पुढच्या महिन्यात बाई आल्या, खिडकीशी वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. "दोनशे एकवीस? दिवसाला सहा धरले तरी एवढे होत नाहीत. पुन्हा शर्ट?"

"छे हो," ताई म्हणाली. तिने धाकट्याला नुकतंच खुर्चीत टेकवलं होतं, आणि वाकून त्याच्या कानाशी काहीतरी सांगून झालं होतं; धाकटा अजून हसत होता. "दुपारी जेवण झालं की पाव तास मी बसते. हा डबी सांभाळतो. आता दोरीने बांधून ठेवतो."

"तरी दहाएक जास्त आहेत."

ताईने नजर चुकवून जिन्याकडे बघितलं. "पार्लरवाली येते मधूनमधून. दिवसभर उभी असते हो बिचारी. आणि बाई, तुमचे पाय किती सुजलेत. बसा ना जरा."

"मी कामावर आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवी खाली ठेवली, आणि चपला काढल्या.